पोटातला पू आणि शरीराने दिलेली मुदत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

१३ सप्टेंबरला जागतिक सेप्सिस दिन होऊन गेला. जंतुसंसर्ग हाताबाहेर जाऊन अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. त्या सुमारास आमच्याकडे सोयाबीन पिवळे पडायला लागते, सोंगणीच्या मजुरांची जुळवाजुळव सुरू होते आणि असा काही दिवस असतो हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात सरकारी परिचारिका होते. नोकरीतला मोठा काळ ऑपरेशन थिएटरमध्ये गेला. सोंगणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंतच्या महिन्यांत पोट फुगलेले, जीभ कोरडी पडलेली, हातपाय गार पडलेले रुग्ण आमच्या दारात जास्त यायचे. पोटदुखी काही हंगाम पाहून होत नाही. पण हंगामात माणूस मजुरी बुडवत नाही, दुखणे अंगावर काढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजेवर घालून आणला जातो.

त्या रुग्णांची सेवा करताना जे कळले ते आपल्या वाचकांपर्यंत जावे, म्हणून हे पत्र. आतडे फुटून पोटात जंतू सांडले तरी शरीर लगेच हार मानत नाही. ते जंतूंना काही तास अडवून धरते. तेवढ्या वेळात फुटलेली जागा बंद झाली आणि पू बाहेर निघाला, तर पुष्कळ माणसे वाचतात. आपल्या खेड्यांत हेच तास सुई टोचून घेण्यात, नळ भरले म्हणून पोट चोळून घेण्यात आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात संपतात.

आपल्या मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅम मळात दहा हजार कोटींच्या आसपास जंतू असतात. आतड्याच्या आत आहेत तोवर त्यांचा त्रास नाही, उपयोगच आहे. आतड्याबाहेरची पोटाची पोकळी मात्र निर्जंतुक असते. तिला पातळ, ओलसर, चकचकीत अस्तर आहे. ते सगळे पसरले तर जवळजवळ अंगावरच्या कातडीएवढे भरेल. अपेंडिक्स फुटले, अल्सरला भोक पडले, विषमज्वरात लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला छिद्र पडले किंवा बैलाचे शिंग पोटात घुसले, की आतली घाण या अस्तरावर येते.

तिथे पहिल्या काही मिनिटांतच काम सुरू होते. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, श्वासाबरोबर वर-खाली होत असतो. त्याच्या पोटाकडच्या अंगाला अतिशय बारीक छिद्रे आहेत. सांडलेले जंतू श्वासागणिक या छिद्रांतून लसीकावाहिन्यांत, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, ओढले जातात, आणि पुढे लसीकाग्रंथी, यकृत आणि प्लीहा यांच्यातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. जंतू फार झाले तर याच वाटेने ते रक्तात मिसळतात. हुडहुडी भरून ताप चढतो तो तेव्हा.

मागे उरलेल्या जंतूंना गाठायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी आधीपासून पोकळीत हजर असतात. त्या जंतू गिळतात आणि अशी रसायने सोडतात की शेजारच्या रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात. त्या हाकेवर रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. काही तासांत त्यांचा लोंढा पोटात उतरतो. पू म्हणून आपण जे पाहतो, त्यात मुख्यतः याच लढून मेलेल्या न्यूट्रोफिल असतात. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दिवसाला सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. म्हणजे दिवसभरात तयार होणाऱ्या या पेशी आणि एका ग्रॅम मळातले जंतू यांचा आकडा जवळपास सारखा. फुटलेल्या मोठ्या आतड्यातून किती ग्रॅम बाहेर येत असेल याचा विचार केला, की सर्जन रात्री-अपरात्री घाई का करतात ते कळते.

पेशी जंतूंना गिळून संपवतात, ही कल्पना एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे सुचली. त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्यांभोवती पेशी गोळा झालेल्या. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळाले. आमच्या नर्सिंगच्या वर्गात हे शिकवले गेले तेव्हा बाभळीचा काटा मोडून पिकलेला पाय पाहिला नाही अशी एकही मुलगी वर्गात नव्हती, त्यामुळे ते चटकन डोक्यात शिरले. या पेशी मरतानासुद्धा आपल्या डीएनएचे जाळे बाहेर फेकून जंतूंना त्यात अडकवतात, हे तर अगदी २००४ साली समजले.

आता पोटातल्या एका पदराविषयी, ज्याच्याबद्दल बोलताना माझे मन अजूनही भरून येते. जठराखाली, आतड्यांच्या पुढ्यात चरबीचा एक पिवळा, जाळीदार पदर लोंबतो. बोकड कापताना ज्यांनी पाहिले आहे ते त्याला लगेच ओळखतील. डॉक्टर त्याला ओमेंटम म्हणतात. त्याच्यावर बारीक पांढरट ठिपके असतात. ते मॅक्रोफेज आणि लिंफोसाइट पेशींचे पुंजके आहेत. पोटात जिथे सूज असेल तिथे हा पदर जाऊन चिकटतो आणि तो भाग गुंडाळून टाकतो. रुदरफर्ड मॉरिसन या इंग्रज सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला पोटातला पोलीस म्हटले आणि सर्जन मंडळी अजूनही तेच म्हणतात.

आश्रमशाळेतल्या एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे ऑपरेशन मला स्पष्ट आठवते. उजव्या बाजूला खाली दुखते म्हणाल्याबरोबर तिथल्या अधीक्षकांनी सकाळची वाट न पाहता रात्रीच आणला होता. पोट उघडले तर अपेंडिक्स दिसेचना. दिसत होता फक्त मुठीएवढा पिवळट गोळा. आमचे सर बोटाच्या टोकाने हलके हलके त्या गोळ्याचे पदर सोडवू लागले. एक सुटला, मग दुसरा, आणि आत काळपट, टोकाला फुटलेले अपेंडिक्स निघाले. त्याच्याभोवती दोन-तीन चमचे घट्ट पू. बाकीचे पोट स्वच्छ, आतडी गुलाबी आणि हलती. सर म्हणाले, "सिस्टर, या पोरानं सगळं एका जागी बांधून ठेवलंय आपल्यासाठी." काही दिवसांतच तो वॉर्डात बाकीच्यांच्या खाटांवरून फिरत होता.

हेच पाच वर्षांखालच्या लेकराला झाले तर चित्र फार वेगळे असते. इतक्या लहान वयात हा पदर आखूड आणि विरळ असतो. फुटलेल्या जागेपर्यंत तो पोचत नाही आणि पू पोटभर पसरतो. लेकराला दुखते कुठे तेही नीट सांगता येत नाही. ओकाऱ्या, ताप, पाय पोटाशी घेऊन निपचित पडणे आणि पोटाला हात लावू न देणे, एवढेच दिसते. घरचे नजर उतरवतात. आई-वडिलांना मी दोष देत नाही. त्यांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

शरीर आणखी एक गोष्ट करते. पाझरलेल्या द्रवातून फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठताना बनते त्याच प्रथिनाचे, चिकट धागे तयार होतात, आतडी एकमेकांना चिकटतात आणि पू एका कप्प्यात कोंडला जातो. त्यामुळे माणूस त्या दिवशी तगतो. पण कोंडलेल्या पुवात रक्त पोचत नाही, त्यामुळे औषधही नीट पोचत नाही, प्राणवायू नसतो, आणि धाग्यांच्या आत दडलेले जंतू पेशींच्या हाती लागत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर जे प्रयोग झाले त्यांत दिसले, की पोट फुटल्यावर सुरुवातीचे मृत्यू ई. कोलायसारख्या जंतूंमुळे होतात आणि त्यातून वाचलेल्यांच्या पोटात नंतर गळवे होतात ती बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिससारख्या, प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंमुळे. या बॅक्टेरॉइडिसच्या अंगावर शर्करेचे आवरण असते आणि ते आवरणच गळू व्हायला कारण होते. असे गळू फोडल्यावर थिएटरमध्ये जो कुजका वास सुटतो तो मास्कमधूनही येतो आणि घरी गेल्यावरही नाकातून जात नाही.

म्हणून पोटातला पू गोळ्यांनी जिरवू म्हणणे धोक्याचे आहे. शेताचा धुरा फुटल्यावर फूट उघडी ठेवून कितीही मोटरी लावल्या तरी शेत बुडतेच. आधी भोक बंद करायचे, पू काढायचा, पोट कोमट सलाइनने धुवायचे, गरज पडली तर नळी ठेवायची. मग उरलेले जंतू निपटायला शरीर समर्थ असते आणि औषध त्याला मदत करते. २०१५ साली अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या पोटातली घाण नीट काढली गेली होती त्यांना अँटिबायोटिक सुमारे चारच दिवस दिले काय आणि आठ दिवस दिले काय, निकाल सारखाच आला. पुढचे काम रुग्णांच्या स्वतःच्या पेशींनी केले होते. अल्सरचे भोक शिवताना सर्जन त्यावर ओमेंटमचाच तुकडा ओढून बसवतात, तोही याच विश्वासाने.

अल्सर फुटलेले रुग्ण आमच्याकडे फार. निंदण, फवारणी, वेचणी, पाठीवर ओझी, मग कंबर-गुडघे धरतात. दुकानातून अंगदुखीच्या सुट्या गोळ्या आणायच्या आणि पहाटे कोऱ्या चहाबरोबर उपाशीपोटी घ्यायच्या. या गोळ्यांनी जठराचे अस्तर खरवडले जाते. त्यात बिडी असली की आणखी वाईट.

घाटंजी तालुक्यातल्या एका पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, पन्नाशीचा माणूस असाच आणला होता. गुडघ्यासाठी अनेक महिने गोळ्या चालू होत्या. एका सकाळी पोटात अशी कळ आली की धुऱ्यावरच खाली बसला. गावात येणाऱ्या एकाकडून दोन सुया टोचून घेतल्या. दुपारपर्यंत आराम पडला. बायको मला सांगत होती, "सुई मारल्यावर चांगले झाले होते जी बाई. संध्याकाळी भाकर बी खाल्ली. रातच्याला पोट फुगून आलं, आता त बोलूनच नाई रायले." पदराच्या गाठीतून तिने फुटलेले दोन अँप्युल काढून दाखवले. एक डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, दुसरे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. तिने ते जपून आणले होते, कारण डॉक्टर विचारतील हे तिला कळत होते. शिकलेल्या घरांतूनही इतके कोणी करत नाही. ऑपरेशन झाले, दोन लिटरच्या वर घाण निघाली. पण लघवीची पिशवी आम्ही तासातासाला पाहत होतो आणि ती भरतच नव्हती. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्या दुपारच्या आरामाने त्याचा घात केला. अल्सर फुटला की आधी जठरातले आम्ल अस्तरावर पडते आणि भयंकर दुखते. या वेळी जंतू थोडे असतात. मग शरीर भरपूर द्रव सोडून आम्ल पातळ करते आणि काही तासांनी दुखणे थोडे उतरते. सुई नसती तरी ते उतरलेच असते. भोक मात्र उघडेच असते आणि जंतू वाढत असतात. हीच वेळ ऑपरेशनची. डेन्मार्कमध्ये हजारो अल्सर फुटलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष छापला गेला, की रुग्णालयात आल्यानंतर ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिराने जगण्याची शक्यता आदल्या तासाच्या तुलनेत २.४ टक्क्यांनी घटते. तिथे तास मोजतात, आम्ही दिवस मोजत होतो.

आणि डेक्सा. या औषधाने ताप दबतो, पोटाचा कडकपणा कमी वाटतो, माणसाला तरतरी येते. आतमध्ये मॅक्रोफेजच्या हाका दाबल्या जातात. न्यूट्रोफिल रक्तवाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात वाहत राहतात, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टवर पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो, पण जिथे उतरायला हव्यात तिथे त्या उतरत नाहीत. औषध म्हणून स्टिरॉइड वाईट नाही. दम्याच्या झटक्यात जीव वाचवते, आणि सेप्सिसमध्ये रक्तदाब कशानेच वर येत नाही तेव्हा अतिदक्षता विभागात हायड्रोकॉर्टिझोन विचारपूर्वक देतात. ज्या पोटाचे निदानच झालेले नाही, त्यावर ओसरीत बसून डेक्सा टोचणे हा गुन्हा आहे असे मी मानते. वेदनाशामकाचेही असेच. रुग्णालयात, सर्जनच्या नजरेखाली दुखणे कमी करायला काहीच हरकत नाही, उलट करावेच. सुई घेऊन घरी जाणे घातक आहे.

रिपोर्टचा विषय निघाला म्हणून सांगते. पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असाव्यात, हे आता गावातल्या पोरांनाही माहीत झाले आहे. वीस हजार आल्या की घरचे घाबरतात. मी मात्र पोट फुगलेल्या म्हाताऱ्या माणसाचा रिपोर्ट अडीच-तीन हजार आला की जास्त घाबरायचे. अस्थिमज्जा पुरवठा करून थकली, पेशी खर्ची पडल्या, असा त्याचा अर्थ असू शकतो. ताप न येता अंग गार पडणे हेही तसेच. म्हाताऱ्या आणि कुपोषित माणसांत शरीर ताप आणण्याइतकेही उरलेले नसते, आणि नेमके त्यांनाच 'ताप नाही ना, मग बरे आहे' म्हणून घरी ठेवले जाते.

सेप्सिस म्हणजे नुसते रक्तात जंतू पसरणे नव्हे. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिच्यानुसार जंतुसंसर्गाला शरीराने दिलेले उत्तरच बिघडते आणि त्यामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. पोटापुरती सुरू झालेली हाक अंगभर पसरते, सगळ्याच रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, रक्तदाब पडतो, बारीक नसांत रक्त गोठते, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसांत पाणी झिरपते. आणि त्याच वेळी दुसरीकडे प्रतिकारशक्ती खचत जाते. २०११ साली सेप्सिसने दगावलेल्या रुग्णांच्या प्लीहा आणि फुप्फुसे तपासली गेली, तेव्हा तिथल्या पेशी हाक मारूनही उत्तर देईनात असे आढळले. म्हणून पहिल्या धक्क्यातून वाचलेला रुग्ण दोन आठवड्यांनी एरवी साध्या असणाऱ्या जंतूने किंवा बुरशीने जातो. हे मी वॉर्डात पाहिले आहे, तेव्हा कारण कळत नव्हते. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख त्यात गेले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक.

शरीराचे हे बिघडलेले उत्तर औषधाने ताळ्यावर आणण्याचे खूप प्रयत्न झाले. १९९० च्या दशकात या हाकांची रसायने अडवणारी औषधे आली, रुग्ण वाचेनात. २००१ मध्ये एक महागडे औषध मंजूर झाले, तेही २०११ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले. कारण कुठल्या रुग्णात कुठल्या दिवशी प्रतिकार जास्त झाला आहे आणि कुठल्या दिवशी कमी पडतो आहे, हे ठरवणेच अवघड. संपादक महोदय, सगळ्याच वर्तमानपत्रांत 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून काढे, चूर्णे आणि सरबते यांच्या मोठाल्या जाहिराती येतात. महिन्याला तीनशे-चारशे रुपयांची बाटली घेणारी मजूर घरे मला ठाऊक आहेत. त्या पैशांत घरात अंडी, शेंगदाणे आणि डाळ आली तर पेशींना लागणारी प्रथिने तरी मिळतील. फुटलेल्या पोटात तर कुठलाच काढा उपयोगाचा नाही, उलट तोंडाने काही देऊच नये.

ज्यांची ही मुदत मुळातच कमी असते, त्यांच्याविषयी वेगळे बोलले पाहिजे. साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल जागेवर उशिरा पोचतात आणि नीट गिळत नाहीत. अशा माणसाला अपेंडिक्स फुटूनही फारसे दुखत नाही, असेही होते. आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विसरून चालणार नाही. आदिवासी आणि दलित वस्त्यांमध्ये तो बराच आहे. त्यात प्लीहेच्या बारीक रक्तवाहिन्या लहानपणापासून पुन्हा पुन्हा तुंबतात आणि ती हळूहळू निकामी होते. प्लीहा रक्तातले आवरणवाले जंतू गाळते. ती गेली की न्यूमोकोकससारखा जंतू माणसाला काही तासांत आडवा करतो. त्यातून सिकलच्या झटक्यातही पोट दुखते, म्हणून घरचे म्हणतात, 'हे नेहमीचंच आहे.' २०२३ साली राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या होऊ लागल्या, कार्डे मिळू लागली. सिकलच्या रुग्णाला तापासह पोटदुखी झाली तर ते कार्ड घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. नेहमीचे दुखणे आहे की नाही, हे घरी ठरवू नये.

आता शासनाकडे. आमच्या भागात सर्जन असतो तेव्हा भूलतज्ज्ञ नसतो, भूलतज्ज्ञ मिळाला तर रक्त नसते. रुग्णाच्या हातात चिठ्ठी पडते, 'पुढे न्या'. १०८ ची गाडी २०१४ पासून आली हे फार मोठे काम झाले, तिने किती जीव वाचवले ते मी पाहिले आहे. पण यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे आणि पोडावरून यवतमाळला पोचण्यातच अर्धी मुदत सरलेली असते. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात पोट उघडू शकेल असा सर्जन आणि भूलतज्ज्ञ रात्रीसुद्धा हवा, ही मागणी करायला आता लाज वाटते इतकी ती जुनी आहे. तरी करते. आणि तोवर निदान एवढे व्हावे, की पुढे पाठवताना रुग्ण कोरडा पाठवू नये. सलाइन चालू, नाकातून नळी घातलेली, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिलेला, आणि चिठ्ठीवर दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहिलेली. एवढे ग्रामीण रुग्णालयाच्या तीस खाटांतही होते. आम्ही केलेले आहे. पुढच्या सर्जनला ती वेळ कळली की तो पाच मिनिटांत निर्णय घेतो.

आपणास विनंती, की वेचणीचा जोर सुरू होण्याआधी आपल्या आरोग्य पुरवणीत पुढचा मजकूर चौकटीत छापावा, म्हणजे आशाताई तो कापून भिंतीवर लावतील. पोटात अचानक कळ आली आणि पोट लाकडासारखे कडक झाले, हलले-खोकले तरी दुखते, ओकाऱ्या थांबत नाहीत, वारा सरत नाही, किंवा बेंबीजवळ दुखणारे उजवीकडे खाली सरकले, तर सुई न घेता, पोट न चोळता, खायला-प्यायला न देता रुग्णालयात जावे. वाटेत घड्याळ लावून श्वास मोजावेत. मिनिटाला बावीस किंवा जास्त भरले, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा लघवी झालीच नाही, तर गाडीवाल्याला आणि दारातल्या सिस्टरला आधी तेच सांगावे. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि सुयांचे अँप्युल पिशवीत घालून सोबत आणावेत. आणि दुखणे किती वाजता उठले ते अंदाजाने का होईना, सांगावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
ता. आर्णी, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये.)